एका कढईतली कोळंबी
बुधवारी रात्री, कामावरून परतल्यावर, एकाच कढईत होणारा सोपा पदार्थ म्हणजे कोळंबीचे सुके. तेलात ठेचलेला लसूण, कांदा, हळद, तिखट, दोन आमसुले आणि कोळंबी. शिजायला पाच मिनिटे पुरतात, जास्त शिजली तर ती चिवट होते. कोळंबी सोलणे, पाठीतला काळा दोरा काढणे, ओले खोबरे घालावे की नाही यावर सासूबाईंचे मत ऐकणे आणि वास सुटण्याआधी सालांची पिशवी खाली टाकून येणे, ही कामे या पाच मिनिटांत धरत नाहीत. भांडे मात्र एकच लागते. सोलायचे ताट, धुवायची चाळण, मीठ-हळद लावायचा वाडगा आणि भाताचा कुकर यांची गणना भांड्यांत होत नाही. ती घासणाऱ्याचीही होत नाही.