ऐकतंय का कुणी?

विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत दोन अभ्यासक्रम एकमेकांपासून जितके लांब छापता येतील तितके लांब छापलेले असतात. एक संख्याशास्त्राचा. भौतिक, रसायन, गणित अशी सगळ्या मानकऱ्यांची नावं घेऊन झाली की शेवटी, कुणी राहिलं तर नाही ना म्हणून बघितल्यासारखं, त्याचं नाव येतं. दुसरा रेडिओ-टीव्हीचा. त्याला मुलं ‘मास कॉम’ म्हणतात आणि आईवडील ‘ते मीडियाचं काहीतरी’ म्हणतात. इमारती वेगळ्या, कॅन्टीन वेगळं. एकाच्या फळ्यावर सिग्मा, दुसऱ्याच्या फळ्यावर ‘उद्या शूट आहे, कॅमेरा चार्ज करून आणणे’.

या दोन कोर्सची मुलं ओळखायला कठीण नसतात. लग्नाच्या पंगतीत कुणी सहज विचारलं, ‘‘काय हो, ती नवीन मालिका बघतात का लोक?’’ तर मीडियावाला तोंडात जिलबी असतानाच सांगतो, ‘‘अख्खा महाराष्ट्र बघतो!’’ संख्याशास्त्रवाला आधी घास संपवतो, मग म्हणतो, ‘‘लोक म्हणजे कोण? शहरी की ग्रामीण? आणि बघतात म्हणजे रोज, की येता-जाता?’’ तोपर्यंत विचारणारा मठ्ठा आणायला उठून गेलेला असतो. पहिल्याला खात्री फार आणि दुसऱ्याला शंका फार. दोघांनाही नोकरी मिळते, हे मात्र विशेष.

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे. तरीही अलीकडे मला वाटू लागलंय की ही दोन्ही माणसं एकाच दुखण्याची आहेत. ज्या माणसांशी त्यांचा व्यवहार, ती माणसं त्यांना दिसत नाहीत. स्टुडिओतला लाल दिवा लागतो, समोर काच, मायक्रोफोन आणि भिंतीवरचं घड्याळ. निवेदकाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं, लाखोंशी बोलू नकोस, एका माणसाशी बोल. हा एक माणूस कोण, हे मात्र शिकवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तिकडे संख्याशास्त्रज्ञ हजार जणांना विचारून बारा कोटींबद्दल बोलतो. त्यानेही त्या बारा कोटींना कधी पाहिलेलं नसतं.

आम्हा मास्तरांचीही एकदा अशी पंचाईत झाली होती. 15 ऑगस्ट 1984 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केलं आणि प्राध्यापक टीव्हीवर दिसू लागले. वर्गात तिसऱ्या बाकावर कोण पेंगतंय ते कळतं, त्यावर काही उपाय करता येतो. देशभरातले पेंगणारे कसे मोजणार? हजेरीशिवाय शिकवायचं म्हणजे काय, हे प्राध्यापकवर्गाला तेव्हा प्रथम कळलं. निवेदक मंडळी ते दुःख कित्येक वर्षं विनातक्रार सोसत होती.

माझी भाची मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला प्रोजेक्ट मिळालं, ‘मराठी मालिकांचा गृहिणींवर होणारा परिणाम’. या प्रोजेक्टांत नेहमी परिणामच होत असतो. काहीच झालं नाही, असं लिहिलेलं प्रोजेक्ट मी अजून बघितलेलं नाही.

‘‘मामा, सॅम्पल पन्नास चालेल ना?’’

‘‘चालेल की. कुठले पन्नास?’’

‘‘गूगल फॉर्म केलाय. ग्रुपवर टाकला. रात्रीत भरला सगळ्यांनी.’’

‘‘म्हणजे तुझ्या ग्रुपवर गृहिणी आहेत?’’

‘‘नाही, मुलांनी भरला. आईच्या वतीने.’’

मी तिला आमच्याच इमारतीत पाठवलं, कागद आणि पेन घेऊन, आणि मागोमाग मीही गेलो. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी आम्हाला कौतुकाने बसवलं. ‘‘काकू, तुम्ही दिवसातून किती वेळ टीव्ही बघता?’’ ‘‘छे गं, कुठला वेळ मिळतोय!’’ एवढ्यात आतल्या खोलीत शीर्षकगीत सुरू झालं. ‘‘एक मिनिट हं,’’ म्हणून काकू आत गेल्या त्या जाहिराती लागल्यावरच बाहेर आल्या, आणि येता येता म्हणाल्या, ‘‘त्याला अजून पत्ताच नाही, ती कोण आहे त्याचा!’’ भाचीने ‘अर्ध्या तासापेक्षा कमी’ या चौकटीत बरोबरची खूण केली.

यात काकू खोटं बोलल्या असं मी म्हणणार नाही. त्या मेथी निवडतात, कपड्यांच्या घड्या घालतात, फोनवर बहिणीशी बोलतात, आणि हे सगळं टीव्हीसमोर चालतं. त्यांच्या हिशेबी ते काम असतं. बघणं म्हणजे पाय पसरून, दुसरं काही न करता बघणं. तसं त्या खरोखरच बघत नाहीत, ते काका बघतात. प्रश्न कसा विचारला त्यावर उत्तर ठरतं, हे आम्ही वर्गात तासभर सांगतो. काकूंनी ते एका ब्रेकमध्ये दाखवून दिलं.

म्हणूनच तर टीव्हीचा धंदा काकूंच्या तोंडावर विसंबून राहत नाही, त्यांच्या घरात यंत्र बसवतो. टीआरपी म्हणतात तो इथून येतो. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती मीटरला ओळखू येते. समोर कोण बसलंय ते सांगायला घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एक बटण असतं. 2020 च्या सुमारास देशात अशी मीटरवाली घरं होती 44,000 आणि टीव्ही असलेली घरं होती सुमारे 21 कोटी. म्हणजे पावणेपाच हजार घरांमागे एक. ‘आमच्याकडे तर कधीच कुणी आलं नाही’ ही जी घरोघरची तक्रार आहे, तिचं उत्तर एवढंच. शिवाय ज्याच्याकडे मीटर असतो त्याने ते बाहेर सांगायचं नसतं. एरवी नवा मिक्सर घेतला तरी शेजाऱ्यांना दाखवायला बोलावणारी माणसं आपण. एवढं गुपित सांभाळायचं म्हणजे त्या घरांवर केवढा ताण येत असेल!

एवढ्या थोड्या घरांवरून देशाचं कसं कळतं? शितावरून भाताची परीक्षा आपल्याला ठाऊकच आहे. फक्त शीत कुठून उचललं ते महत्त्वाचं. 1936 साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी तब्बल एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांवरून त्यांनी लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदींमधून. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार असलेला माणूस म्हणजे पातेल्याच्या वरचा, तुपातला भात. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला. भाचीला ही गोष्ट सांगितली, तर म्हणाली, ‘‘म्हणजे त्यांनीपण ग्रुपवरच टाकलं होतं!’’ इतकं नेमकं उत्तर मला तोंडी परीक्षेत क्वचितच मिळालं असेल.

टीआरपीचे आकडे दर गुरुवारी येतात. गुरुवारी आकडे येतात आणि लवकरच एखाद्या सासूचं हृदयपरिवर्तन होतं, यामागचा कार्यकारणभाव शोधायला फार मोठं संख्याशास्त्र लागत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये मीटरवाल्या घरांना पैसे देऊन आकडे फुगवल्याच्या आरोपांवरून मुंबई पोलिसांनी तपास सुरू केला, आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणं थांबलं, ते थेट मार्च 2022 पर्यंत. एवढा काळ कोण पहिलं आणि कोण दुसरं हे कळायला मार्ग नव्हता. तरीही एकाही निवेदकाचा आवाज खाली आल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

संख्याशास्त्र आणि प्रसारण हे दोन विषय विद्यापीठाच्या एकाच छपराखाली पूर्वी एकदा नांदले होते. पॉल लाझार्सफेल्ड हे व्हिएन्नाचे. शिक्षण गणिताचं, नाद माणसांचा. अमेरिकेत गेल्यावर 1937 मध्ये त्यांच्याकडे रेडिओ-संशोधनाचा एक प्रकल्प आला. त्यांच्या जोडीला फ्रँक स्टँटन होते. दोघांनी मिळून एक यंत्र केलं. श्रोत्यांना खुर्च्यांवर बसवायचं, हातात दोन बटणं द्यायची. आवडलं की हिरवं, कंटाळा आला की लाल. कार्यक्रमाच्या कुठल्या मिनिटाला लोक कंटाळले, ते कागदावर उमटत जाई. असं यंत्र आपल्याकडे सत्काराच्या भाषणांना बसवावं, असं फार वाटतं. याच प्रकल्पावर संगीताचा अभ्यास करायला तत्त्वज्ञ थिओडोर अडॉर्नोही आले होते. संस्कृती मोजायची ही कल्पनाच त्यांना सोसेना. त्यांचं आणि लाझार्सफेल्डांचं अखेर जमलं नाही. स्टँटन मात्र पुढे सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीचे अध्यक्ष झाले. मोजणाऱ्याला खुर्ची मिळाली आणि विचार करणाऱ्याला विचार करायला आणखी एक विषय.

आणि मग ही गोष्ट पुण्यात येते. 1953 साली पुणे विद्यापीठात वसंत शंकर हुजूरबाजार यांनी गणित आणि संख्याशास्त्राचा विभाग सुरू केला, आणि त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला आकाशवाणीचं पुणे केंद्रही सुरू झालं. योगायोगांवर विसंबू नये हे सांगण्याचाच मी पगार घेतला, म्हणून यावर अधिक बोलत नाही. पण तीन वर्षांनी, 1956 मध्ये, या केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग झाला. सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळं उभी राहिली. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत आणि काय ठरलं ते केंद्राला कळवत. ऐका, चर्चा करा, कामाला लागा, अशी एकूण योजना. ग्रामीण कार्यक्रमांसाठी व्यंकटेश माडगूळकरांसारखा माणूस त्या काळी पुणे केंद्रात होता, म्हणजे गावाशी कोणत्या भाषेत बोलायचं याची चिंता नव्हती.

मोजायला आले पॉल न्यूराथ. हेही मूळचे व्हिएन्नाचेच आणि लाझार्सफेल्डांच्याच तालमीतले. नाझींच्या दाखाउ आणि बुखेनवाल्डच्या छावण्यांतून सुटून ते अमेरिकेला पोचले होते. वडील ओटो न्यूराथ आकडे चित्रांतून दाखवण्यासाठी नावाजलेले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मंडळींना हाताशी धरून पॉलनी चोख आखणी केली. काही गावांत मंडळ, काही गावांत नुसता रेडिओ, काही गावांत तोही नाही. कार्यक्रम सुरू होण्याआधी प्रश्न विचारायचे, संपल्यावर पुन्हा विचारायचे. संख्याशास्त्राच्या मास्तराने डोळे मिटून शाबासकी द्यावी अशी रचना.

निष्कर्ष असा निघाला की मंडळं होती त्या गावांत लोकांची माहिती भरघोस वाढली. मंडळ नव्हतं तिथे फारसं काही झालं नाही, गावात रेडिओ असूनसुद्धा. रेडिओ तोच, आवाज तोच, पण ऐकून झाल्यावर एकमेकांशी बोलायला माणसं नव्हती. आकडेवारीची इतकी कोष्टकं मांडून अखेर जे हाती आलं, ते कुठल्याही पारावरच्या म्हाताऱ्याने फुकट सांगितलं असतं, असं कुणी म्हणेल. म्हणू द्यावं. पारावरचे म्हातारे याच्या नेमकं उलटंही तितक्याच ठामपणे सांगतात, आणि दोघांतला खरा कोण हे ठरवायला गावं वाटून द्यावी लागतात.

मला त्या प्रयोगातलं भावतं ते वेगळंच. प्रसारण एका बाजूने बोलतं आणि श्रोत्याला तोंड नसतं. त्याला जे थोडंफार बोलता येतं ते आकड्यातून. आपण त्याला दर गुरुवारी एकच वाक्य बोलू देतो, ‘बघितलं’ किंवा ‘नाही बघितलं’, आणि तेवढ्यावर त्याची आवडनिवड ठरवून मोकळे होतो. पुण्याच्या प्रयोगात आकडेही होते आणि त्यांच्या शेजारी गावाने लिहून पाठवलेलं म्हणणंही होतं. माझ्या लेखी हे दोन्ही कोर्स तिथे पूर्ण झाले. आता माहितीपुस्तिकेत त्यांच्यामध्ये चाळीस पानं आहेत.

भाचीला हे सगळं मी सविस्तर सांगितलं. तिने अर्धं ऐकलं, जे तिच्या वयाच्या मानाने सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. मग तिने फॉर्ममधला तासांचा प्रश्न खोडला आणि नवा घातला: ‘काल काय लागलं होतं, आणि त्यावर तुम्ही कुणाशी काय बोललात?’ उत्तराला चार चौकटी ठेवल्या. नवरा, शेजारीण, फोनवर, इतर.

पहिल्या मजल्यावर ती पुन्हा गेली. काकू बोलायला लागल्या त्या थांबेचनात. मालिकेतल्या सुनेवरून स्वतःच्या सुनेवर आल्या, तिथून माहेरच्या वाटणीवर, तिथून गॅसच्या भावावर, आणि मध्येच त्या नायकाची अक्कलही काढून झाली. काका आतून दुरुस्त्या सुचवत होते. भाचीचा कागद भरला, मागची बाजू भरली. ती वर आली आणि म्हणाली, ‘‘मामा, हे कुठल्या चौकटीत टाकू?’’

मी म्हटलं, ‘‘इतर.’’

प्रोजेक्ट परवा पूर्ण झालं. त्यात ‘इतर’चा स्तंभ सगळ्यांत उंच आला आहे, आणि तिच्या मार्गदर्शक मॅडमनी त्याच्यापुढे लाल पेनने लिहिलंय, ‘स्पष्ट करा’.