घाट आणि मानसिकता

शनिवारी सकाळी कर्जतच्या चारफाट्यावर टेम्पो ट्रॅव्हलरची रांग लागली की समजावं, मुंबईत कुणाची तरी टार्गेटं हुकली आहेत. टार्गेट का हुकलं, हे ऑफिसात बसून कळत नाही. त्यासाठी फार्महाऊस लागतं, एकाच रंगाचे टी-शर्ट लागतात आणि 'ग्रोथ माइंडसेट' शिकवणारा एक कोच लागतो.

पहिला खेळ विश्वासाचा. डोळे मिटून मागे पडायचं, सहकारी झेलतात. साहेब पडले तेव्हा आठ जण धावले. अकाउंट्सचा पोरगा पडला तेव्हा नेमकी भजी आली होती.

मूळ विचारात खोट नाही हो. स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी २००६च्या पुस्तकात तो मांडला: कुवत जन्मतः कायमची ठरलेली नसते, ती वाढवता येते. मेहनत हवी, जमत नसेल तर पद्धत बदलायला हवी, इतरांची मदत घ्यायला हवी. एचआरने यातली मेहनत तेवढी उचलली, कारण उरलेल्या दोन गोष्टींना पैसे पडतात. नुसत्या मेहनतीची पाठ थोपटणं म्हणजे ग्रोथ माइंडसेट नव्हे, असं खुद्द ड्वेकबाईंनी २०१५ साली लिहिलं. ते वाचायला कोचला सवड झाली नसावी. शिवाय सोमवारी अप्रेझलचा बेल कर्व्ह आहेच. शनिवारी कर्जतला प्रत्येकाची कुवत वाढते, सोमवारी लोअर परळला दहातला एक नालायक निघालाच पाहिजे.

रेल्वे मात्र या बाबतीत फारच मागासलेली. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट. १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली, तेव्हापासूनचा. पण गाडी कर्जतला आली की इंजिनापुढे कुणी फ्लिपचार्ट मांडत नाही, 'चढ तुझ्या मनात आहे' असंही सांगत नाही. मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. तेवढ्या वेळात प्रवासी वडापाव घेतात. चढ संपला की बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी मुकाट खाली येतात. त्यांचा फोटो लिंक्डइनवर पडत नाही.

शिबिराच्या शेवटी सूचनांचा फॉर्म होता. अकाउंट्सच्या पोराने लिहिलं, 'मार्चएण्डला दोन माणसं जास्तीची द्या.' कोचने त्यावर लाल पेनाने 'फिक्स्ड माइंडसेट' असा शेरा मारला आणि पुढच्या महिन्याच्या शिबिराच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर घातलं.