भूमितीचे नवे साक्षात्कारी

ज्यांना शाळेत पायथागोरसाचे नाव काढताच घाम फुटत असे, त्याच सज्जनांना गळ्यात कॅमेरा पडताक्षणी चराचरात भूमिती दिसू लागते, ही सरस्वतीची उशिरा झालेली कृपाच म्हटली पाहिजे. साताऱ्याजवळच्या लिंब गावी वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ या काळात बांधवलेल्या बारा मोटांच्या विहिरीचा अष्टकोन टिपताना हे रसिक काठावरच्या माणसांना बाजूला होण्याचा हुकूम फर्मावतात. ती विहीर मोटांनी पाणी ओढून आमराई भिजवण्यासाठी खोदली होती, ही बाब त्यांच्या दफ्तरी दाखलच नसते. सांगलीत आयर्विन पुलाच्या कमानी आणि कृष्णेतील त्यांची प्रतिबिंबे जुळवून वर्तुळे सिद्ध करण्याचा उद्योग तर बारमाही चालतो. परंतु त्याच पुलापाशी पाण्याची पातळी मोजणारी जी सरळ उभी पट्टी आहे, जिच्यावर ४५ फुटांना धोका लिहिलेला असूनही २०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाई ५७ फुटांच्या वर चढली, तिच्यात कोणास यत्किंचितही सौंदर्य आढळत नाही. वर्तुळांचे छंद खुशाल जोपासावेत. सांगलीकर मात्र अवघा पावसाळा त्या एका सरळ रेषेवर नजर ठेवून काढतो.