काकाजींची कोर्स-निवड समिती

बारावीचा निकाल लागला की राजेगावात घरोघरी एक समिती आपोआप स्थापन होते. अध्यक्ष काकाजी, त्यांनी संगणक तहसीलच्या खिडकीतून, बाबूच्या खांद्यावरून पाहिलेला असतो. सचिव मामाजी, त्यांच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप जावईबापूंनी टाकून दिलेले. पुण्याला कंपनीत असलेला कोणाचा तरी साळा फोनवरून हजर. ज्याला शिकायचे आहे तो पोरगा चहाचे कप उचलतो. यंदा विषय एकच : पोरगा पायथन शिकतो म्हणतो, तर कोर्स कोणता लावायचा?

पायथनने होते काय, हे कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न, ‘सर्टिफिकेट भेटते का जी?’ दुसरा, ‘चालते कुठे, इकडे का तिकडे?’

हा दुसरा प्रश्न आम्हा सीमेवरच्यांचा खास. बाघ नदीचा पूल ओलांडला की महाराष्ट्र. तिकडे सरकारी नोकरीचे नाव काढले की एमएस-सीआयटी. इकडे मध्य प्रदेशात सीपीसीटी, त्यात हिंदी-इंग्रजी टायपिंग, आणि जोडीला डीसीए नाहीतर पीजीडीसीए. हे डिप्लोमे गावोगावच्या केंद्रांतून देते भोपाळचे माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठ. संगणकशिक्षणाची धुरा पत्रकारितेच्या खांद्यावर आहे, हे वाचून आम्हा सदरलेखकांची छाती उगाच फुगते. वराती पूल ओलांडतात, धान ओलांडते, सोयरिकी ओलांडतात. प्रमाणपत्र तेवढे अडते. म्हणून सावध घरे दोन्हीकडची प्रमाणपत्रे करून ठेवतात. पोरगा फाइल उघडणे, बंद करणे दोन राज्यांत दोनदा शिकतो, आणि दोन्हीकडे पहिल्या श्रेणीत येतो.

तोवर गोंदिया-बालाघाटच्या खांबांवर फलक लागलेले असतात. ‘९० दिवसांत पायथन, डेटा सायन्स, एआय’. फी निम्मी, पण फक्त आज रात्री बारापर्यंत. बारा वाजले की नवा ‘आज’ सुरू होतो. खाली ‘१०० टक्के प्लेसमेंट’ ठळक आणि ‘असिस्टन्स’ बारीक. शंभर टक्के मिळते ते साहाय्य. नोकरी टक्क्यांत बसत नाही. भराल त्या फीवर १८ टक्के जीएसटी मात्र चोख बसतो.

पोरग्याने धीर करून सांगितले, की पायथन फुकट आहे. गिडो व्हान रॉसम नावाच्या गृहस्थाने १९८९च्या नाताळच्या सुट्टीत, अ‍ॅमस्टरडॅमला, ही संगणकभाषा लिहायला घेतली आणि १९९१मध्ये लोकांसाठी खुली केली. त्याआधी तो एबीसी नावाच्या, नवशिक्यांसाठीच्या भाषेवर काम करत होता. पायथनचा सोपेपणा तिथून आला. भाषा फुकट, तिच्या संकेतस्थळावरचे धडेही फुकट. समितीच्या कपाळावर आठ्या पडल्या. फुकटात खोट असणारच!

मग पोरग्याने आणखी नावे घेतली. आयआयटी रोपडच्या सुदर्शन अय्यंगारांचा ‘जॉय ऑफ कम्प्युटिंग युझिंग पायथन’ : बारा आठवडे, शिकणे मोफत, प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे हजारेक रुपये. काकाजी म्हणाले, ‘हजार रुपयांत आयआयटी? मग लोक लाखो भरून कोट्याला काहून जातात?’ आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही ऐकता येते. मामाजी म्हणाले, ‘मराठीत शिकून इंटरव्ह्यूत काय बोलशील?’ केंद्र सरकारच्या नाइलिटच्या ‘ओ लेव्हल’मध्ये पायथनचा आख्खा पेपर आहे. साळ्याने फोनवरून हरकत घेतली, ‘ओ का म्हणून? थेट ए लेव्हल बघा.’

खरे विचारायचे प्रश्न समितीच्या टिपणात नव्हतेच. एका पोरामागे एक संगणक आहे का? तासाभरात पोरगा स्वतः किती ओळी टाइप करतो? चुकला तर मास्तर चूक दुरुस्त करून मोकळे होतात, की त्याच्याकडून शोधून घेतात? शिकवतात ते पायथन ३ ना? कारण पायथन २ची देखभाल १ जानेवारी २०२०लाच थांबली. नोट्स मात्र झेरॉक्सवरून झेरॉक्स चालूच राहतात. ही भाषा ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरूनही अडून बसते; एक जागा कमी पडली तरी प्रोग्राम पुढे सरकत नाही. ही अडवणूक स्वतःच्या बोटांनी सोसावी लागते. आमच्याकडे रोवणी शिकायची तर चिखलात उतरतात. धुऱ्यावर बसून पाहणाऱ्याला कोणी रोवणीचे प्रमाणपत्र देत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र धुऱ्यावरच्यांचीच फी जास्त.

शेवटी समिती प्रत्यक्ष पाहणीला निघाली. इन्स्टिट्यूटमध्ये एसी, भिंतीवर कोटवाल्या तरुणांचे फोटो, समोर तिशीही न गाठलेले सर. पोरग्याने विचारले, ‘सर, तुम्ही कोणता कोर्स केलात?’

‘हाच. मागच्या वर्षी, इथेच.’

‘आणि नोकरी?’

‘इथेच लागली की!’

काकाजींनी समाधानाने मान हलवली. कोर्स केलेल्याला नोकरी लागते, याचा पुरावा समोर खुर्चीत बसला होता. पावती तिथल्या तिथे फाडली. बाराची वाटसुद्धा पाहिली नाही.