बोक्याच्या माथी खापर

पडद्यावर पिवळा ओघळ दिसला की घरात सगळ्यांचं एकमत होतं. बोक्यानं मुद्दाम केलं. काल ओरडलो म्हणून आज सूड उगवला. गावाला गेलो म्हणून रुसला. मांजराच्या मनातलं इतकं ओळखणाऱ्या मंडळींना त्याच्या ट्रेमधली वाळू कधी बदलली, हे मात्र आठवत नाही.

मांजर सूड घेत नाही.

कालचा राग जपून ठेवायचा आणि आज नेमका पडदा गाठायचा, हे माणसांचे धंदे. बोका फवारतो तेव्हा तो हद्द सांगत असतो. ही जागा माझी आहे, मी इथे होतो आणि सध्या मला इथे सुरक्षित वाटत नाही. पहिल्या दोन गोष्टी वासावरून कळतात. तिसरी समजून घ्यायची तसदी कोण घेतो?

आधी एक फरक ओळखा. उभ्या भिंतीकडे पाठ, शेपटी ताठ आणि थरथरती, मागचे पाय जागच्या जागी हलतायत आणि पिचकारी थोडीशीच, तर ते खूण करणं. खाली बसून गादीवर किंवा पायपुसण्यावर मोठं थारोळं केलं, तर तो वाळू सोडून दुसरीकडे लघवीला गेला. दोन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे. आपल्याकडे दोन्हींना इलाज एकच. चप्पल.

तिसरा प्रकार जिवावर बेततो. बोका सारखा वाळूत जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, खालची जागा चाटत राहतो आणि थेंबच येतो किंवा तोही येत नाही. घरचे म्हणतात, पोट साफ होत नाहीये. होत नाहीये ती लघवी. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो पूर्ण तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायची ही वेळ नव्हे. रात्र असली तरी डॉक्टर गाठा.

आता नसबंदी. विषय काढला की ‘निसर्गाच्या विरुद्ध कशाला जायचं?’ असं ऐकू येतं. अहो, तो फवारा म्हणजेच निसर्ग! वयात आलेला बोका हद्द आखणारच. मोठ्या बोक्यांची नसबंदी केली की दहांतल्या जवळपास नऊ जणांचं फवारणं थांबतं किंवा बरंच कमी होतं. चार-पाच महिन्यांचा असतानाच केली तर बहुतेकांना ती सवय लागतच नाही. मग एवढी वाट कशाची बघताय?

‘आमची भाटी आहे, ती नाही असलं काही करत.’ करते. नसबंदी झालेल्या बोक्यांपैकी सुमारे १० टक्के आणि भाट्यांपैकी सुमारे ५ टक्के पुढे कधीतरी फवारतातच. लेकीला सूट आणि लेकाला शिक्षा, हा नियम मांजरांनी केलेला नाही.

वास इतका चिवट का? मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते विघटित होतं तसा उग्र दर्प सुटतो, म्हणून शिळा डाग ताज्यापेक्षा जास्त घाण मारतो. फेलिनीन तयार होण्यात कॉक्सिन हे प्रथिन कामी येतं, असं जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवलं. हे प्रथिन नसबंदी न झालेल्या नरांत सर्वांत जास्त, नसबंदीनंतर खूपच कमी. म्हणजे ऑपरेशननं वासही उतरतो. अगरबत्तीनं उतरत नाही.

पण आपल्याला ऑपरेशनपेक्षा फिनाईलची बाटली जवळची.

फिनॉल वर्गातली रसायनं निष्प्रभ करून शरीराबाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार थोडी असते. ओल्या फरशीवरून चाललं, पंजे चाटले की विष पोटात. काळं फिनाईल असो की पाईन तेलाचं पांढरं, मांजराच्या घरात दोन्ही नकोत. कपाटामागच्या डांबरगोळ्याही नकोत. डाग गेला आणि मांजर सलाईनवर, याला स्वच्छता म्हणायचं?

अमोनिया असलेला क्लीनर वापरलात तर त्याचा वास लघवीच्याच वळणाचा. बोका पुन्हा तिथेच येतो. ब्लीच थेट लघवीवर ओतलंत तर विषारी वायू निघतो आणि तो घरातल्या सगळ्यांच्या छातीत जातो. त्यात बोकाही आला आणि तुम्हीही.

मग करायचं काय? ताजा डाग कागदानं टिपा, घासून पसरवू नका. साध्या पाण्यानं पुसा. वर एन्झाइमचा क्लीनर टाका, पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो. बाटलीवर जितका वेळ सांगितलाय तितका वेळ जागा ओली राहू द्या. दोन मिनिटांत पुसून ‘काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांनी बाटलीला दोष देऊ नये. जुने डाग सापडत नसतील तर नोटा तपासायचा अतिनील दिवा अंधारात फिरवा. डाग चमकतात, आणि बरेचदा आपण रोज घासत होतो त्या कोपऱ्याऐवजी भलतीकडेच.

पुसून झालं? अर्धंच काम झालं.

बोका कुठे फवारतो ते बघा, कारण बहुधा तिथेच असतं. खिडकी, दार किंवा गॅलरी असेल तर बाहेर परका बोका दिसतोय. चाळीत आणि तळमजल्यावर हे रोजचंच. काचेच्या खालच्या भागावर कागद चिकटवा. बाहेरच्या बोक्याला जरूर खायला घाला, पण आपल्या खिडकीपासून लांब. एकाला पुण्य म्हणून दूधभात आणि त्यापायी दुसऱ्याच्या पाठीत रट्टा, हे कुठलं भूतदयेचं गणित?

पाहुण्यांची बॅग, नवा सोफा, बाळाची दुपटी यांवर फवारलं तर घरात अनोळखी वास शिरलाय. दिवाळीआधी भिंतींना रंग लागतो, कपाटं इकडची तिकडे होतात. कोपऱ्याकोपऱ्याला गाल घासून बोक्यानं ठेवलेल्या खुणा एका दिवसात जातात. आपल्याला घर नवं वाटतं, त्याला परकं. तेव्हा एखादी खोली तरी जुन्या सामानासकट त्याच्यासाठी ठेवा. त्याचं अंथरूण धुवायची घाई तर बिलकुल करू नका.

गालातल्या ग्रंथींमधला तो गंध फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात अभ्यासला. त्याची नक्कल भिंतीतल्या प्लगला लावायच्या डिफ्यूझरमध्ये मिळते. काही घरांत गुण येतो, काही घरांत नाही. बाकी काहीच न बदलता नुसता डिफ्यूझर लावलात तर पैसे गेले समजा.

आता ट्रे. मांजरं तीन, ट्रे एक, तोही वॉशिंग मशीनच्या शेजारी. मशीन गरगरलं की मांजर पळालं! अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय मांजरवैद्यक संघटनांनी घरभर होणाऱ्या या घाणीबद्दल २०१४ साली मार्गदर्शक सूचनाच काढल्या. ट्रेचा हिशेब सोपा आहे. जितकी मांजरं, त्याहून एक जास्त, आणि तेही वेगवेगळ्या जागी. शेजारी शेजारी मांडलेले चार ट्रे मांजराच्या लेखी एकच. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट हवा. वाळू बारीक, बिनवासाची आणि रोज उपसलेली. जेवणाची वाटी त्यापासून लांब. आपण संडासात पान मांडतो का?

शिक्षेची हौस तरीही फिटत नाही. नाक डागात घासायचं, अंगावर पाणी मारायचं, बाथरूममध्ये कोंडायचं. ज्याला असुरक्षित वाटतं म्हणून तो फवारतो, त्याला आणखी घाबरवलं तर तो काय करेल? आणखी फवारेल. फक्त आता आपण नसताना.

सगळं करूनही थांबलं नाही तर औषधं आहेत. फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रॅमिन यांचा उपयोग होतो, पण डॉक्टरांनी तपासून, वजन बघून दिली तरच. शेजाऱ्यांच्या मांजराची उरलेली गोळी नको. आणि घरातली पॅरासिटामॉल तर मुळीच नको. तिच्यानं मांजर मरतं.

शेवटी निघतं ते पोतं. बोक्याला त्यात घालायचं आणि मासळी बाजारात सोडून यायचं. ‘तिथे काय, खायला भरपूर!’ तिथे आधीचे बोके आहेत आणि त्यांच्या हद्दी ठरलेल्या आहेत. घरात वाढलेला बोका तिथे मार खातो, उपाशी राहतो, बरेचदा गाडीखाली जातो. जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत विनाकारण टाकून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड ५० रुपयांपर्यंत. पडदा धुवायलाही याहून जास्त लागतात.

कायदा कडक व्हायला हवाच. पण पोत्याचं तोंड बांधणारा हात कायद्याची वाट न बघताही थांबू शकतो.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. बोक्याची लघवी तपासून घ्या, नसबंदी राहिली असेल तर तारीख घ्या, फिनाईल घराबाहेर काढा, एक ट्रे वाढवा आणि खिडकीबाहेर कोण येतंय ते बघा. फरक दिसायला काही आठवडे लागतील, तेवढा धीर धरा. बोक्याला घरात तुम्ही आणलंत, तो अर्ज घेऊन आला नव्हता.