ॲव्हरेज

भुईगावात दोन-चार आळ्या फिरलात की एक तरी आठशेवाला भेटतोच. वय पन्नाशीपुढचं, नोकरीतली निम्मी वर्षं विरार लोकलमध्ये उभ्याने काढलेली. दारात बावखलाच्या कडेला, जिथे नारळ पडणार नाही अशी जागा हेरून उभी केलेली मारुती 800. घर बांधताना त्याने जागेचा इतका विचार केला नव्हता.

‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न तुम्ही विचारायचा असतो. नाही विचारलात तरी उत्तर मिळतंच. ‘नालासोपाऱ्याला जाताना अठरा. समुद्राचा वारा पाठीशी असतो ना! येताना सतरा धरा.’ मग तीन सिलिंडर आणि 796 सीसीचं स्तोत्र सुरू होतं. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली हरपाल सिंग यांच्या हातात दिली, ही हकिकत तो अशी सांगतो की किल्ली द्यायला मागे हाच उभा होता असं वाटावं.

त्याच्याकडे एक वही आहे. तीत पेट्रोलचा थेंब न् थेंब लिहिलेला असतो आणि पेट्रोलशिवाय दुसरं काही नसतं. क्लचप्लेट ‘किरकोळ’मध्ये जाते. तळाचा पत्रा गेटवाल्या फॅब्रिकेटरने वेल्डिंग करून दिला, म्हणून तो ‘घरदुरुस्ती’त. बॅटरी इन्व्हर्टरच्या खात्यावर. हिशेब खोटा नाही, खाती तेवढी वेगळी आहेत. माझं मत विचाराल तर हा माणूस काटकसरी नव्हे, छंदिष्ट आहे. पण छंदाला काटकसर म्हटलं की घरातून मंजुरी लवकर मिळते.

त्याचा खरा वैरी म्हणजे किनाऱ्यावरचा खारा वारा. सुरूच्या बनातून तो येतो आणि दाराखालच्या पत्र्यात, मडगार्डच्या आत, मॅटखाली मुक्काम करतो. वरून रंग लखलखत असतो, बोट लावलं की पापुद्रा हातात. मग पत्रा काप, वेल्डिंग मार, लांबी भर, घास, रंग मार. एक बाजू होईस्तोवर दुसरी तयार. पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी आत येतं. त्यावर त्याचं म्हणणं, ‘आलं त्याच वाटेने जातंही.’

सुट्या भागांसाठी तो कुर्ल्याचा भंगारबाजार गाठतो, तोही लोकलने. गाडी घेऊन गेला होता एकदा. कडेला उभी करतो न करतो तोच दोघा-तिघांनी भाव विचारला. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

‘अहो, एखादी नवी घ्या की आता,’ बायको म्हणते.

‘नवीला लॅपटॉप लावावा लागतो. हिला दहा-बाराचा पाना आणि एक कान पुरतो.’

आणि कान आहे, हे कबूल करायला हवं. टॅपेटचा आवाज जरा वाढला तरी त्याचा घास हातात थांबतो. थंडीत चोक किती ओढायचा आणि कितव्या सेकंदाला सोडायचा, हे त्याने मुलाला अजून शिकवलेलं नाही. मृत्युपत्रात लिहिणार असावा.

सरकारवर मात्र त्याचा राग आहे. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे 600 रुपये 1 एप्रिल 2022 पासून 5,000 झाले, आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी 10,000. वर हरितकर. ‘म्हातारपणी भाडं कमी करायचं की वाढवायचं?’ तो विचारतो. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत बंद केली, त्याचीही आठवण इथेच निघते. 18 जानेवारी 2014 ला कारखान्यातून शेवटची आठशे निघाली आणि त्याच वर्षी 1 ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. नंबरप्लेटवर मात्र अजून ठाण्याचं एमएच 04 आहे. जिल्ह्यापेक्षा आपली गाडी थोरली, हे तो नव्या माणसाला पहिल्या वळणाआधी सांगतो.

एवढं करून गाडी रोज निघते, हे नाकारता येत नाही. मागच्या सीटवर केळीचा घड, पुढे शेजारची म्हातारी, मधे कोणाचं तरी पोर. बस चुकलेला अर्धा गाव तिच्यातून स्टेशनला जातो. तुम्हीही कधी बसलात तर पेट्रोलचे पैसे काढू नका, त्याला राग येतो. फक्त उतरताना दार हळू लावा. बिजागरी कुर्ल्याची आहे, आणि तसली दुसरी मिळालेली नाही.