काळी आई, आणखी काळी

मुरादाबाद म्हणजे पितळनगरी. तिथे रामगंगेच्या काठी जुन्या मोबाइल-संगणकांचे अंत्यसंस्कारही यथासांग होतात. सर्किट बोर्ड जाळायचे, राख कुटायची, उघड्या हातांनी पाण्यात धुवायची. तळाशी बसलेले तांबे भंगारवाल्याचे, धुऊन गेलेले शिसे नदीचे, उरलेली राख मातीची; वाटणीवरून भांडण नाही. शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो; इथे ती अक्षरशः काळी झाली. सरकार मात्र स्वस्थ बसलेले नाही. ई-कचऱ्याचे नियम २०१२ मध्ये लागू झाले, २०१६ मध्ये बदलले, २०२२ मध्ये पुन्हा नवे आले. शास्त्रशुद्ध पुनर्वापर झाला तो नियमांचाच! आपण हौसेने फोन बदलतो. मातीला मात्र एक्स्चेंज ऑफर नसते.